सेन्सर नको म्हणणारा मी

आत येणारी हवा गरम की गार, हे कळायला ज्या गाडीला वायर लागते ती खेड्यात घेऊच नये, असं एकोडीच्या पानठेल्यावर मी वर्षानुवर्षं सांगत आलो. पुरावा म्हणून माझ्याकडे १९८४ साली आलेली मारुती व्हॅन होती, तीच पुढे ओम्नी झाली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, वर कार्ब्युरेटर. धानाची पोती, वऱ्हाडी, बाळंतीण, काय वाटेल ते भरा आणि साकोली गाठा. अडलीच तर मिस्त्री सीट उचलायचा, कान लावायचा, पेचकसाने स्क्रू जरासा फिरवायचा. झालं काम.

ते मत आता मी सोडलंय, आणि तेही बोटाच्या पेराएवढ्या सेन्सरपायी.

घरच्या नव्या व्हॅनचा इंजिनाचा दिवा हिवाळ्यात लागला, ॲव्हरेजही पडलं. मिस्त्रीने स्कॅनर जोडला. कोड पी०११३, हवेचं तापमान उणे ४०! आमच्याकडे पौषातली पहाटही शेकोटीवर भागते. "नवा टाकून देऊ जी," तो म्हणाला. मला वाटलं, आलं ते पार्ट बदलण्याचं दुकान. म्हटलं, आधी मीटर लाव.

त्याने प्लग काढून सेन्सरच्या दोन पिनांना मीटर लावला. काहीच नाही, आतून तुटलेला. प्लगपर्यंत पाच व्होल्ट मात्र नीट येत होते, म्हणजे वायर शाबूत. मग नवा सेन्सर लावून पाहिला: अडीच हजार ओहमच्या आसपास. मी तो मुठीत धरला, तर आकडा झरझर उतरायला लागला. ऊब वाढली की आतल्या मण्याचा रोध घटतो. मणी तुटला की रोधाला अंतच नाही, आणि गाडीचा कॉम्प्युटर त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावतो.

हे सगळं कशासाठी, तर थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. १० अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ४५ अंशांची दुपार, तेवढ्याच जागेतल्या हवेच्या वजनात सुमारे १२ टक्क्यांचा फरक. माझ्या लाडक्या कार्ब्युरेटरला याचा पत्ताच नसायचा. थंडीत चोक ओढायचा, उन्हाळ्यात पेट्रोल फुकट जाळायचं.

पण मत बदललं ते पेट्रोलपायी नाही. जुन्या गाडीतला बिघाड मिस्त्रीच्या कानाला कळायचा, मला नाही. तो म्हणेल ते खरं, तो मागेल ते पैसे. मीटरचा आकडा मात्र दोघांनाही सारखाच दिसतो, त्यावर मी हुज्जत घालू शकतो. कार्ब्युरेटर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवता यायचा, सेन्सर थेट कचऱ्यात जातो, हे खरंच. तरी हा सौदा मला पटला.

प्लगच्या प्लास्टिकच्या खटक्याबद्दल मात्र माझं मत जुनंच आहे. इंजिनाच्या उष्णतेने तो बिस्किटासारखा ठिसूळ होतो आणि नेमका काढतानाच तुटतो. आमचा सध्या केबल टायने बांधलाय.