साभार परत

दिवाळी अंकाला कथा पाठवायची तर पाकिटात आणखी एक पाकीट घालायचं, हे मला वडिलांनी शिकवलं. आतल्या पाकिटावर आपलाच पत्ता आणि पुरेशी तिकिटं. रत्नागिरीहून टपाल मुंबईला जायचं आणि महिन्या-दीड महिन्याने पोस्टमन आपल्याच अक्षरातला पत्ता आपल्या हातात ठेवायचा. आत हस्तलिखित आणि छापील चिठ्ठी : ‘साभार परत’. एकदा त्या चिठ्ठीखाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘आजीचं बोलणं आवडलं. शेवट घाईत झाला आहे.’ सही नव्हती. कथा पुढे कुठेच छापून आली नाही. पण कोणीतरी ती शेवटापर्यंत वाचली होती, आणि त्या बळावर मी पुढची लिहायला घेतली.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत लिहू पाहणाऱ्या किती जणांनी अशा टपालाची वाट पाहिली असेल! ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन तर नवख्या लेखकालाही सविस्तर पत्र लिहीत, कथा पुन्हा लिहून मागत. त्यांच्या निवडीवर रागावलेलेही होतेच. राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी १९६९ मध्ये ‘सत्यकथे’ची जाहीर होळी केली. निवडणाऱ्याच्या हाती कुणाचं जग छापलं जाणार हेही असतं, हा त्यांचा मुद्दा मला आजही खरा वाटतो.

आता निवडायचं काम माझ्याकडे आलं आहे. कोकणाची माहिती देणाऱ्या एका वेबसाइटसाठी मी रत्नागिरीत बसून फ्रीलान्स लेखक निवडते. पदवी, अनुभव यांकडे मी फारसं बघत नाही. दोनशे शब्दांचा नमुना मागते. विषय थिबा पॅलेस किंवा मिरकरवाडा बंदर. थिबा राजाने तीस वर्षं या राजवाड्यात काढली, असं बरेच जण बिनदिक्कत लिहितात. ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं खरं, पण राजवाडा बांधून झाल्यावर तो तिथे राहायला गेला १९१० मध्ये आणि १९१६ साली वारला. म्हणजे कैदेतली बहुतेक वर्षं त्याने दुसरीकडेच काढली. हे ज्याने शोधलं, त्याच्यावर पुढचं काम सोपवायला मला भीती वाटत नाही. मिरकरवाड्याचंही तसंच. जुलैच्या पावसात ट्रॉलर मासेमारीला निघालेले दिसले की लिहिणारा बंदरावर गेलेला नाही हे कळतं, कारण जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते आणि त्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. ‘अथांग सागर’ आणि ‘निसर्गरम्य परिसर’ तर प्रत्येक नमुन्यात. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेले नमुने येतात, तेही असेच गुळगुळीत.

मागे एका मुलीने बंदरावरच्या मासळीच्या लिलावाबद्दल लिहिलं होतं. बोली संपल्यावर टोपलीतला बांगडा बर्फात दाबताना बायकांची बोटं कशी बधिर होतात आणि त्या ती कशी काखेत धरून ऊब देतात, एवढंच. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. मी तिला त्याच दिवशी फोन केला. ऱ्हस्व-दीर्घ मी शिकवू शकते. ते बघणं मला शिकवता आलं नसतं.

ज्यांना नाही म्हणावं लागतं, त्यांच्यापाशी माझा वेळ जास्त जातो. प्रत्येकाला दोन ओळी लिहिते : काय चांगलं होतं, कुठे अडलं. याला कारण आहे. मध्यंतरी मीही घरून अशी कामं शोधत होते. एका कंपनीने चाचणी म्हणून पूर्ण लेख लिहून घेतला, उत्तर पाठवलं नाही, आणि पुढे तो लेख बिननावाने छापलेला मला दिसला. एक पैसा मिळाला नाही. घरबसल्या चार पैसे मिळतील या आशेने लिहिणाऱ्या गावोगावच्या मुलींच्या वाट्याला हे सर्रास येतं.

म्हणून लेखक शोधणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. पूर्ण लेख लिहून घेणार असाल तर नेमणूक करा वा न करा, त्याचे पैसे द्या. न घेतलेला मजकूर वापरू नका. आणि नकार असला तरी कळवा, कारण समोरचा माणूस रोज मेल उघडून बघत असतो.