आलापल्लीचें रान आणि वासाच्या मागावरची कुत्री

गेल्या मार्गशीर्षांत आम्हांस आलापल्लीस जाण्याचा योग आला. रानें पाहण्याची हौस आम्हांस पूर्वींपासूनच आहे. परंतु या खेपेचें प्रयोजन निराळें होतें. आमचा पुतण्या तेथें चार वर्षें सरकारी नोकरींत होता, त्याची बदली पुण्यास झाली. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचें बिऱ्हाड, नवराबायको दोघेंही दिवसभर कामावर. अशा स्थितींत पदरची कुत्री न्यावी कोठें, हा त्याला प्रश्न पडला. त्यानें आम्हांस लिहून कळविलें, "काका, आपल्या वाड्यांत तिला जागा होईल काय? न झाल्यास कोणास तरी देऊन टाकावी लागेल."

हें वाचतांच घरांत दोन तट पडले. नातवानें त्याच दिवसापासून वाड्याच्या कोपऱ्यांत तिच्यासाठीं गोणपाट अंथरून ठेवलें. उलट आमच्या वहिनींनीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षींही ज्यांचें सोवळें कडक आहे, स्पष्ट सांगितलें कीं, देवघर आणि कुत्रें एका छपराखालीं नांदणार नाहींत. सुनेचें म्हणणें याहून व्यवहाराचें होतें. ती म्हणाली, "हौस सर्वांची असते मामंजी, आणि काम एकाच्याच गळ्यांत पडतें." शेवटीं ठरलें कीं, आम्हीं स्वतः जाऊन त्या प्राण्याचा स्वभाव पाहावा आणि मगच बोलावें. चाळीस वर्षें मुलांच्या परीक्षा घेतलेल्या मनुष्यास ही परीक्षा अवघड वाटूं नये, असें वहिनी हंसून म्हणाल्या.

चंद्रपुराहून आलापल्ली शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. बल्लारपूरचा कागदाचा कारखाना मागें टाकून गोंडपिपरीवरून आष्टीस यावें, तेथें वैनगंगेचें रुंद पात्र ओलांडावें, आणि मग पुढें रानाचें राज्य सुरू होतें. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला, तेव्हां हा अहेरीकडचा मुलूख तिकडे गेला. 'पल्ली' म्हणजे लहान खेडें, असें संस्कृत कोश सांगतात. तेलुगु मुलखांतही गांवांच्या नांवांच्या शेवटीं हाच शब्द आढळतो. या गांवच्या बाजारांत मराठी, तेलुगु आणि माडिया या तिन्ही भाषा एकाच ओट्यावर बसलेल्या आम्हीं ऐकल्या. नांवानेंच गांवानें आपली वस्ती कोठें आहे हें सांगून टाकलें आहे.

येथला साग प्रसिद्ध आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठीं २०२३ सालीं बल्लारपुराहून ज्या सागवानाची मिरवणुकीनें पाठवणी झाली, तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या याच वनांतला. आलापल्लीजवळ 'वनवैभव' नांवाचा सुमारें ६ हेक्टरांचा एक तुकडा १९५३ पासून कुऱ्हाडीपासून राखलेला आहे, आणि २०१४ सालीं त्यास जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रांत हा मान मिळविणारें तें पहिलेंच स्थळ. साग, ऐन, बिजा, मोह, तेंदू आणि त्यांच्या पायाशीं बांबूंचीं बेटें. माथा पाहूं जातां टोपी पडावी अशीं झाडें. तेथें उभे असतां आम्हांस सहज वाटलें कीं, जेथें माणसाचे डोळे वीस पावलांपलीकडे पोंचत नाहींत, तेथें खरें राज्य नाकाचेंच असणार. या विचाराचा प्रत्यय आम्हांस दुसऱ्याच दिवशीं यावयाचा होता.

प्रथम त्या कुत्रीविषयीं सांगतों. ती बीगल जातीची, पांच वर्षांची. उंची हातभराहून किंचित कमी, वजन बारा किलो. पाठ काळी, डोकें तांबूस, पोट व पाय पांढरे, कान गालांवर लोंबणारे आणि शेपटीचें टोंक शुभ्र. गवतांत नाहींशी झाली तरी मागून येणाऱ्या शिकाऱ्यास हें टोंक दिसत राहावें, ही त्यांतील सोय. डोळे असे आर्जवी कीं, पाहणाऱ्याचा निम्मा निश्चय तेथेंच ढळावा. पुतण्याचाही तसाच ढळला होता. त्यानें चित्र पाहून पिलूं घेतलें, जात पाहून नव्हे.

शिकारी कुत्र्यांचे मुख्यत्वें दोन वर्ग आहेत. एक, डोळ्यांनीं सावज हेरून त्यामागें वेगानें धांवणारीं. आपल्याकडील कारवानी आणि मुधोळ हीं या वर्गांतलीं. मुधोळ कुत्र्याचें तिकीट २००५ सालीं भारतीय टपाल खात्यानें काढलें. दुसरीं नाकानें माग काढणारीं: ब्लडहाउंड, फॉक्सहाउंड आणि बीगल. निलगिरीवर उटकमंडास इंग्रजांनीं फॉक्सहाउंडांचे कळप आणून कोल्ह्यांमागें घोडे दौडविले, तीं याच वर्गांतलीं. बीगल मात्र पायीं चालणाऱ्या शिकाऱ्यासाठीं, कळपानें सशाचा माग काढण्याकरितां इंग्लंडांत वाढविलेली जात. मनुष्याच्या नाकांत गंध ग्रहण करणाऱ्या पेशी पन्नास लाखांच्या आसपास मानतात. अशा कुत्र्यांच्या नाकांत त्या वीस कोटींहून अधिक सांगतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत पणींनीं लपविलेल्या गाईंच्या शोधार्थ इंद्राची दूती सरमा रसा नदी ओलांडून जाते. आमच्या मतें या वर्गाची मूळ कुलस्वामिनी तीच. म्हणून पुतण्याची कुत्री 'रोझी' असली तरी आम्हीं तिला मनांत सरमाच म्हटलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही तिघें गांवाबाहेरच्या वाटेनें फिरावयास निघालों. धुकें होतें. एका ठिकाणीं तिनें नाक जमिनीस लावलें आणि त्या क्षणापासून आमचा आणि तिचा संबंध तुटला. पुतण्यानें हांक मारली. कान हलले नाहींत. तिनें हिसका दिला, पट्ट्याची कडी उघडली, आणि शेपटीचें पांढरें टोंक दोनदां दिसून रानांत नाहींसें झालें. मग आवाज आला. तें भुंकणें नव्हे. गळ्याच्या तळापासून ओढलेला, सनईसारखा लांब हेल. तो दूर दूर जात शेवटीं ऐकूं येईनासा झाला.

एकलव्याची कथा आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. पांडवांचें कुत्रें रानांत पुढें निघून गेलें, त्या निषादपुत्रास पाहून भुंकूं लागलें, आणि त्यानें सात बाणांनीं त्याचें तोंड भरून टाकलें. आम्हीं मुलांना धनुर्विद्येचें कौतुक शिकविलें, गुरुदक्षिणेचा अन्याय शिकविला. त्या कुत्र्याचा विचार आमच्या मनांत कधीं आला नव्हता. तो त्या सकाळीं आला.

पुतण्या धांवत सुटणार, तोंच वाटेनें येणाऱ्या एका वृद्ध माडिया गृहस्थानें त्यास थांबविलें. जंगल खात्याच्या कामावर त्याचें आयुष्य गेलें होतें. "जोहार गुरुजी," तो आम्हांस म्हणाला, "मागें धांवूं नका. तुम्ही हाका मारीत हिंडाल, तर तुमचाच वास दहा ठिकाणीं होईल. जेथून सुटली तेथेंच बसा. ती ज्यावर निजते तें कापड आणून ठेवा. वास घेत गेली, वास घेतच येईल." थोडें थांबून तो पुढें म्हणाला, "अंधाराच्या आंत आली तर तुमची. मग बिबट्याची."

तिची चादर आणून आम्ही बसलों. सकाळचे आठ ते दुपारचे चार. पुतण्या मधूनच उठे, कानोसा घेई, पुन्हां बसे. एकदां तो म्हणाला, "काका, तिचा यांत कांहीं दोष नाहीं. चूक माझी आहे." आम्हीं उत्तर दिलें नाहीं, कारण त्याचें म्हणणें खरें होतें आणि दुःखाच्या वेळीं खरें बोलणाऱ्यास दुजोरा देणें निष्ठुरपणाचें असतें. त्या आठ तासांत आमच्या ध्यानांत आलें कीं, प्रश्न केवळ एका कुत्रीच्या जीविताचा नाहीं. रानांत सुटलेलें कुत्रें हरणांचीं पाडसें फाडूं शकतें, आणि पिसाळण्याचा किंवा डिस्टेंपरचा रोग वाघ-बिबट्यांपर्यंत नेऊं शकतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आहे, आणि रानांतील जनावरामागें मुद्दाम कुत्रीं घालणें हीही त्यांत शिकारच. ज्या देशांत ही जात निपजली, त्या इंग्लंडांतही कुत्र्यांकरवीं रानटी जनावरांच्या शिकारीस बंदी घालणारा कायदा २००४ सालीं झाला. म्हणजे जें कर्म करण्यासाठीं ही जात शतकानुशतकें घडविली, त्याचें दार आज या दोन्ही देशांत बहुतांशीं बंद. नाक मात्र तसेंच राहिलें. त्या नाकाला शिस्तीचें काम दिल्यास काय होतें, याचेंही उदाहरण आहे. 'ट्रॅफिक' या संस्थेनें २००८ पासून भारतांत वन्यजीवांच्या चोरट्या व्यापाराचा माग काढणारीं कुत्रीं तयार केलीं. वाघाचें कातडें व हाडें तीं हुंगून काढतात.

चार वाजून गेल्यावर ती आली. नाक जमिनीस, आपल्याच पावलांवरून. कान फाटलेला, अंगावर गोचिड्या, आणि चेहरा असा कीं जणूं कांहीं झालेंच नाहीं. चादरीवर तीन वेळां वर्तुळ घेऊन ती निजली. पुतण्यानें तिला उचललें तेव्हां त्याचे हात कांपत होते.

परतीच्या वाटेवर आम्हीं मनांत जमाखर्च मांडला. आलापल्ली तिच्यासाठीं नव्हे, हें उघड झालें; दाराबाहेरच मोह आणि मृत्यु दोन्ही उभे. पुण्याची कुलूपबंद खोलीही नव्हे. कळपांत राहण्यासाठीं घडलेलें कुत्रें दिवसभर एकटें राहिलें तर रडून रडून शेजार जागा ठेवतें. मग आमचा वाडा? अनुकूल बाब एक आणि ती मोठी: आमच्या घरांत अकरा माणसें आहेत, आणि कोणी ना कोणी चोवीस तास घरीं असतें. एकत्र कुटुंब म्हणजे कळपच. त्यांत तिला एकटेपण नाहीं. प्रतिकूल बाबी अनेक. पहिली, तिला मोकळें सोडतां येणार नाहीं. आज्ञाधारकपणाचा भरंवसा वास आडवा येईपर्यंतच. दुसरी, रोज दोन वेळां मिळून निदान तासभर चालणें. आणि आमच्याकडील उन्हाळा ४५ अंशांवर जातो, तेव्हां तें पहांटे आणि रात्रींच. तिसरी, गळा. चौथी, पोट, ही जात खादाड, लवकर लठ्ठ होणारी. कांदा-लसूण तिला वर्ज्य, हें वहिनींच्या स्वयंपाकघराशीं जुळणारें होतें. पण द्राक्षें व बेदाणेही विषासारखे, कारण त्यांनीं कुत्र्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. पांचवी, लोंबते कान आठवड्यास पुसावे लागतात, आणि रेबीजची लस दरसाल चुकवून चालत नाहीं. सहावी बाब आम्हीं सर्वांत शेवटीं लिहिली. ही कुत्रीं बहुधा १२ ते १५ वर्षें जगतात. ती पांच वर्षांची, आम्ही ६६ वर्षांचे. आमचा शब्द तिच्या आयुष्यास पुरेलच, असें आम्हीं कोणत्या आधारावर म्हणावें?

घरीं आल्यावर हा हिशेब आम्हीं सर्वांपुढें जसाच्या तसा वाचला. रानांतले आठ तासही लपविले नाहींत. शेवटची बाब ऐकून घर क्षणभर स्तब्ध झालें. मग आमचा मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्यानंतरचें माझ्याकडे." सून म्हणाली, "सकाळचें फिरविणें त्यांचें, संध्याकाळचें मुलाचें, आणि हें आत्तां सर्वांसमक्ष कागदावर लिहा." लिहिलें. राहिल्या वहिनी. त्या बराच वेळ वाती वळीत होत्या. मग म्हणाल्या, "वैश्वदेवाच्या वेळीं श्वानबलि म्हणून घांस बाहेर ठेवायचा, हें सासूबाईंनीं मला शिकविलें. तो खाणाऱ्यास दार बंद कसें म्हणूं? माझें सोवळें मी सांभाळीन. तुम्ही फाटक सांभाळा."

वाड्याच्या पडक्या भिंतीची डागडुजी करून, फाटकास दुहेरी कडी लावून, पौषांत आम्हीं तिला आणली. आज पांच महिने झाले. शेजाऱ्यांची तक्रार एकदां आली, ती रास्त होती. दुपारीं तिला माजघरांत घेतल्यापासून पुन्हां आली नाहीं. सत्यनारायणाच्या दिवशीं तिनें शिऱ्याच्या पातेल्यास तोंड घातलें, तेव्हां गुरांच्या डॉक्टरांकडे धांवावें लागलें. तेव्हांपासून आमच्या घरीं शिऱ्यांत बेदाणे पडत नाहींत. सर्व सुखाचें झालें असें म्हणणार नाहीं. परंतु नातू पहांटे न उठवितां उठतो.

ज्या वाचकांच्या घरीं मुलें अशा कुत्र्याचा हट्ट धरून बसलीं असतील, त्यांना आमचें एवढेंच सांगणें कीं, पिलाचे डोळे पाहण्यापूर्वीं आपल्या फाटकाची कडी पाहावी, दुपारीं घरीं कोण असतें तें मोजावें, आणि पंधरा वर्षांनीं तें कोणाच्या पायाशीं निजेल त्याचें नांव लिहून काढावें. तें नांव लिहितां येत नसेल, तर मुलास नकार द्यावा. तो पुढें समजेल. आमच्या कागदावर मुलाची सही आहे. तिच्याखालीं नातवानेंही आपल्या वळणदार अक्षरांत आपलें नांव घातलें आहे. तें घालावयास त्याला कोणीं सांगितलें नव्हतें.