सावलीतला माणूस

1996 च्या डिसेंबरात मी नोकरीनिमित्त लखनौच्या दक्षिण अंगाला, तेलीबागेत राहत होतो. रायबरेलीचा रस्ता इथून आग्नेयेकडे जातो आणि हिवाळ्यात सकाळचा सूर्यही त्याच बाजूला असतो. धुके विरू लागले की समोरून ऊन डोळ्यांत येई. रिक्षा, सायकली, दूधवाले यांच्या कडा तेवढ्या उजळत. मला त्या कडांचा मोह पडला होता.

चौकात ताडपत्रीखाली एक वृद्ध पेरूवाले बसत. एकदा त्यांनीच फोटो काढायला सांगितला. प्रत नेऊन दिली तेव्हा ती उन्हात धरून त्यांनी बराच वेळ पाहिली आणि विचारले, "बाबूजी, इसमें हम कहाँ हैं?"

गर्दी होती, धुके होते, गाड्याची चाकेही होती, ते नव्हते. मीटरने लखलखत्या रस्त्याला प्रमाण मानले आणि सावलीतला चेहरा काळ्यात बुडाला. 1874 साली लखनौचा आल्बम सिद्ध करणाऱ्या दारोगा अब्बास अलींच्या काळी ओल्या रसायनाच्या काचेला कित्येक सेकंद प्रकाश लागे. चालता माणूस तिच्यावर ठरतच नसे. माझ्यापाशी ती सबब नव्हती. जवळ जाऊन चेहऱ्यावरचा प्रकाश मोजायचा, छिद्र दोन स्टॉप उघडायचे, रस्ता पांढराफटक पडला तर पडू द्यायचा. एवढेच. पण रस्ता मला सुंदर हवा होता.

दुसऱ्या दिवशी तसा फोटो काढला. मागचे सारे विरून गेले, विजेचा खांबसुद्धा. (चित्र म्हणून तो सुमारच आहे.) पेरूवाल्यांनी तो ताडपत्रीच्या बांबूला सुतळीने बांधला.