आज्जीचा डबा आणि दोन नोटबंद्या

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता मी शिवाजी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर मेसमध्ये जेवत होते. टीव्हीवर बातमी आली आणि सगळ्यांची ताटं तशीच राहिली. माझ्या पाकिटात एक पाचशेची आणि तीन दहाच्या नोटा होत्या. आम्हाला गंमतच वाटत होती. कुणीतरी म्हणालं, आता काळे पैसेवाले रडतील. मीही हसले.

चौथ्या दिवशी बाबांच्या फोनवरून आज्जी बोलली. ती फोनवर कधीच हळू बोलत नाही. पलीकडच्याला ऐकू जात नाही असं तिला वाटतं. त्या दिवशी मात्र कुजबुजत होती. "एकटीच हाईस न्हवं? मंगळवारी घरला ये. काम हाय. तुझ्या बाला काय सांगू नगंस."

आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. वडापनं तासाभरात पोचते. मी गेले तेव्हा बाबा रानात होते. आज्जीनं मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, लुगड्यांच्या ट्रंकेतून पार्ले बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात हजाराच्या बारा आणि पाचशेच्या त्रेचाळीस नोटा होत्या. तेहतीस हजार पाचशे. एका म्हशीच्या दुधाचं बिल दर दहा दिवसांनी यायचं, त्यातून तिनं अकरा वर्षं हे बाजूला काढलं होतं.

घरातल्या बायकांनी अडीच लाखांपर्यंत भरले तर चौकशी होणार नाही, असं सरकारनं नंतर जाहीर केलं. पण आज्जीला इन्कम टॅक्सची भीती कधीच नव्हती. तिला भीती होती ती तिच्या मुलाची. बाबा वाईट नाहीत. पण घरात पैसा दिसला की त्याला खताची उधारी, बोअरची मोटर, कुणाचं तरी लग्न अशी दहा तोंडं फुटतात. हे पैसे कुणालाच माहीत नव्हते, म्हणूनच ते तिचे होते. ते बाहेर काढायचे की नाहीत हे ठरवण्यात तिचे चार दिवस गेले.

त्याच चार दिवसांत सगळं बदललं.

आमच्याकडे बँक म्हणजे जिल्हा बँक. गावात विकास सेवा सोसायटी, तिच्यावर जिल्हा बँक, तिच्यावर राज्य सहकारी बँक. पीककर्ज सोसायटीतून, आणि उसाचं, दुधाचं बिल जिल्हा बँकेत. १० नोव्हेंबरपासून या बँकाही जुन्या नोटा घेत होत्या. शनिवार-रविवारीही बँका उघड्या होत्या. सोमवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी. त्याच दिवशी, १४ तारखेला, रिझर्व्ह बँकेचा आदेश निघाला: जिल्हा मध्यवर्ती बँकांनी जुन्या नोटा घ्यायच्या नाहीत, बदलूनही द्यायच्या नाहीत.

मंगळवारी आम्ही दोघी शाखेत गेलो. काउंटरवरचा क्लार्क शेजारच्याच गावचा. आज्जीनं पिशवी पुढं केली तर तो हात मागं घेऊन उभा राहिला.

"मावशी, न्हाई घेता येत. वरनं आदेश हाय."

"आयतवारी घेत हुतास की."

"आयतवारी घेत हुतो. आता न्हाई."

"माझ्या नोटा आयतवारच्या परास वाईट हायत व्हय?"

तो काहीच बोलला नाही. मागे बँकेच्याच तिजोरीत तशाच नोटांच्या थप्प्या होत्या, आणि त्यांचं काय करायचं हे त्याला तरी कुठं कुणी सांगितलं होतं?

सरकारचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं, हे मला नंतर वाचून कळलं. जिल्हा बँकांवर कुणाची सत्ता असते हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. एखाद्या संचालकाचा काळा पैसा शेतकऱ्यांच्या खात्यांतून पांढरा होईल, ही शंका रास्त होती. पण शंका संचालकांवर आणि दार बंद झालं आज्जीला. तिच्या दहा किलोमीटरच्या टापूत दुसरी बँकच नव्हती.

बुधवारी मी तिला कोल्हापूरला आणलं. राजारामपुरीत एका बँकेबाहेर रांग कोपऱ्यावरून वळून पुढच्या गल्लीत गेली होती. गांधीनगरच्या कापड दुकानांतली पोरं मालकांच्या नोटा घेऊन उभी होती, हे ती आपसांत मोठ्यानं बोलत होती. चार तासांनी आधारची झेरॉक्स घेऊन साडेचार हजार बदलून मिळाले. दोन हजाराच्या दोन गुलाबी नोटा आणि पाच शंभराच्या. दोन दिवसांनी ही मर्यादा दोन हजारांवर आली आणि २४ तारखेला नोटा बदलून देणं बंदच झालं. उरलेले एकोणतीस हजार मी माझ्या स्कॉलरशिपच्या खात्यावर भरले. आज्जीनं स्लिप बघितली, घडी घालून कनवटीला लावली.

"माझंच हायत न्हवं ह्यात?"

"तुझेच. रोकड आली की काढून देते."

इथून पुढची गोष्ट मी बरीच वर्षं सांगितली नाही.

डिसेंबरभर खरोखरच रोकड नव्हती. आठवड्याला चोवीस हजार काढता येतील असा नियम होता, पण एटीएमवर 'पैसे नाहीत' हा कागद कायमचा. जानेवारीत माझी परीक्षा फी आणि मेसचे पैसे थकले. बाबांचं ऊसबिल आलं नव्हतं. मी आज्जीच्या पैशांतले नऊ हजार वापरले. घरी गेले की ती विचारायची, "निघालं का गं?" मी म्हणायचे, "बँकेत रोकड नाही अजून." १३ मार्चला बचत खात्यांवरची सगळी मर्यादा उठली. एप्रिलमध्येही माझं उत्तर तेच होतं.

मित्रमैत्रिणींत मी तेव्हा तावातावानं बोलायचे, की सरकारनं लोकांचे पैसे अडकवले. बोलत होते ते खरंच होतं.

जून २०१७ मध्ये स्कॉलरशिप आली तेव्हा मी दोन हजाराच्या चौदा आणि पाचशेच्या दोन नोटा तिच्या हातावर ठेवल्या. तिनं दोनदा मोजल्या. डबा ट्रंकेत गेला. त्याच महिन्यात केंद्रानं जिल्हा बँकांना त्या चार-पाच दिवसांत घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायला परवानगी दिली. सात महिने त्या नोटा नुसत्या पडून होत्या आणि ठेवीदारांना व्याज मात्र चालूच होतं. तरीही ८ नोव्हेंबरला हातात असलेल्या नोटांचा प्रश्न राहिलाच. राज्यातल्या आठ जिल्हा बँकांकडे मिळून सुमारे ११२ कोटी, त्यातले सुमारे २५ कोटी कोल्हापूरचे. ते तोट्यात धरा, असं नाबार्डनं २०१८ मध्ये कळवलं. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या अहवालात आलं की रद्द केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. २ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं निर्णय वैध ठरवला. विरोधातला निकाल न्यायमूर्ती नागरत्ना यांचा होता.

हे सगळं मी वाचत होते. आज्जी वाचत नव्हती.

१९ मे २०२३, शुक्रवार. दोन हजाराच्या नोटा चलनातून काढून घेणार, ही बातमी मला ऑफिसात कळली. रात्री फोन. "परत?" एवढंच म्हणाली.

मी शनिवारी गेले. डब्यात नऊ गुलाबी नोटा उरल्या होत्या. बाकीच्या तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या होत्या. मी तिला समजावलं. या वेळी नोट रद्द नाही झालेली, कायद्यानं चालतेच. ३० सप्टेंबरपर्यंत मुदत आहे. एका वेळी वीस हजार बदलून मिळणार, तुझे तर अठराच आहेत. रांगाही नसतील.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता खरं सांगत असतील गं. पर मला कसं कळायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. या वेळचा निर्णय खरंच शहाणपणानं राबवला होता, मुदत पुढं ७ ऑक्टोबरपर्यंत वाढवलीही. पण आज्जीच्या लेखी तो आवाज तोच होता, आयतवारी एक सांगून मंगळवारी दुसरंच सांगणारा. सकाळीच गावातल्या दुकानदारानं तिची दोन हजाराची नोट परत केली होती. सरकारचा नियम एकीकडे आणि दुकानदाराचा हात दुसरीकडे, यात ती हाताचं ऐकणार.

मग मला राहवलं नाही. मी तिला नऊ हजारांचं सांगितलं. एप्रिलमध्ये खोटं बोलल्याचंही.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "मी त्या क्लार्कला इचारलं हुतं. म्हणला, मावशी, आता मिळत्यात सगळीकडं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू देणार हे ठावं हुतं. कवा देणार, तेवढं न्हवतं ठावं." मग जरा थांबून, "म्हणून तर मोजलं."

पुढच्या आठवड्यात मी नऊ नोटा बदलून आणल्या. पंधरा मिनिटं लागली, कुणी फॉर्मही मागितला नाही. पोस्टात खातं काढूया, म्हटलं. नको म्हणाली. पाचशेच्या आणू का? नको. शंभराच्याच पाहिजेत.

एकशे ऐंशी नोटा झाल्या. पार्लेच्या डब्याचं झाकण आता नीट लागत नाही, तिनं वरून सुतळी बांधली आहे. दुधाचं बिल अजून त्याच जिल्हा बँकेत येतं. तो क्लार्क अजून तिथंच आहे. बिल जमा झालं की ती जाते, त्याची विचारपूस करते, आणि खात्यावर शंभर रुपये ठेवून बाकीचे सगळे काढून आणते.