यादी करताना

चि. मुक्ता,


सासूबाईंचं बीपी आणि जावईबापूंची काठावरची साखर, दोन्ही एकाच महिन्यात कळल्यावर तू धास्तावलीस ते साहजिक आहे. पण फोनवर तू वाचून दाखवलेलं मॉलचं बिल काही माझ्या डोक्यातून जात नाही. किनवा, ओट्सची बिस्किटं, मल्टिग्रेन पाव, डाएट चिवडा, सैंधव मीठ. नेहमीचं वाणसामान होतं तसंच राहिलं आणि त्यावर ही भर पडली. पथ्याचं म्हणून वेगळं सामान आणायची गरजच नसते गं. घरात तेल, मीठ, साखर किती येते आणि डाळी-भाज्या किती येतात, एवढं बदललं की ताट बदलतं. आणि ते ठरतं यादी लिहिताना, स्वयंपाक करताना नाही. एकदा डब्यात आलेलं पोटात जातंच.

तेलापासून सुरुवात कर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरींच्या आहारात तेलातुपाचा वाटा दिवसाला २७ ग्रॅम धरला आहे. तिघांचा महिन्याचा हिशेब केलास तर तूप धरून पावणेतीन लिटरच्या आत बसतो. तुझ्याकडे पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नाही! पुढच्या महिन्यापासून अडीच लिटरच लिही. एक तारखेला ते वेगळ्या बरणीत काढ आणि त्या बरणीतूनच वापर. बरणी अर्ध्यावर आली की फोडणीची पळी आपोआप लहान होते.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं. म्हणजे किलोची पिशवी तिघांना दोन महिने पुरायला हवी. खरं तर जास्तच, कारण पापड, लोणचं, फरसाण, पाव यांतून जाणारं मीठ त्या पिशवीत मोजलेलंच नसतं. सासूबाईंसाठी मीठ बदलण्यापेक्षा यादीतून पापड आणि फरसाण काढ. सैंधव म्हणजेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, बीपीला त्याने फरक पडत नाही. ‘कमी सोडियम’चं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नकोस. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड नाजूक असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर ते अंगात साठून धोका होतो. साखरेऐवजी गूळ घालून जावईबापूंचंही काही साधणार नाही. चहातली साखरच कमी करायची.

आता जिथे हात सैल सोडायचा तिथलं सांगते. त्याच तत्त्वांत डाळी-कडधान्यांचा वाटा दिवसाला ८५ ग्रॅम आहे. तिघांचे महिन्याला साडेसात किलो! तुझ्या यादीत तूरडाळ दोन किलो आणि मूगडाळ अर्धा किलो, बस्स. अंडी-मासे होतात त्या दिवशी थोडं कमी चालेल, पण तरी मटकी, मूग, चवळी, अख्खा मसूर, हरभरे, कुळीथ हे सगळं यादीत यायला हवं. किनव्याच्या एका पुड्याच्या पैशांत यातलं किती येईल ते वाण्याकडे विचारून बघ. रात्री भिजत घाल, सकाळी उपसून फडक्यात बांध. पावसाळ्यात मोड भराभर येतात, थंडीत एखादा दिवस जास्त लागतो, तेव्हा त्या बेताने भिजव. कुळथाचं पिठलं तर घाईच्या दिवशीही होतं.

ज्वारी, बाजरी, नाचणी आण, पण पिठाची पाकिटं नकोत. बाजरीत स्निग्धांश बराच असतो, म्हणून तिचं पीठ लवकर कडू होतं. मग भाकरी कुणाला आवडत नाही आणि दोष बाजरीला लागतो. आठवड्यापुरतंच दळून आणत जा.

भाजी घेताना आठवडा डोळ्यासमोर ठेव. मेथी, चाकवत, चुका पहिल्या दोन दिवसांत संपव, मधे दोडका-वांगी कर, कोबी आणि लाल भोपळा शेवटी. फ्रिजमध्ये काळी पडून फेकली जाते ती बहुधा पालेभाजीच. मग मनात येतं, कशाला आणायची.

राहिली पाकिटं. ती ओट्सची बिस्किटं हातात घे आणि पाठीमागचं बारीक छापलेलं वाच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणजे मैदा पहिला असेल, मग साखर, मग पामतेल, तर ती मैद्याचीच बिस्किटं. पुढच्या बाजूला ज्या ओट्सचं चित्र मिरवलेलं असतं, त्यांचं प्रमाण मागे कंसात टक्क्यांत दिलेलं असतं, ते बघ. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं दिसली तर ती साखरेचीच भावंडं समज. पावाच्या तपकिरी रंगाला भुलू नकोस, तो कॅरामलचाही असू शकतो.

पाच वाजता लागणाऱ्या भुकेसाठी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, पेरू यादीत आधीच लिहून ठेव. घरात काही नसलं की बिस्किटांचा पुडा फुटतो.

यादी सासूबाईंना बरोबर घेऊन कर. पापड त्यांच्या माघारी काढून टाकलेस तर त्यांना ते लागेल. आठवड्यातून एकदा भाजलेला एक चालेल का, ते त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचार. झाली की फोटो काढून मला पाठव, कडधान्यांचे आकडे मी बघून देते.

तुझी,
मावशी