पारितोषिकांची यादी आणि रविवारची दुपार

वाचकहो, दरवर्षी राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांची यादी प्रसिद्ध झाली, म्हणजे ती आपण कशी वाचता? बहुतेक जण सर्वोत्तम नट कोण, नटी कोण, एवढे पाहून पान उलटतात. मला तसे करून चालत नाही. जबलपुरात बसून इंग्रजी आणि हिंदी मजकूर मराठीत आणणे आणि इतरांनी केलेला अनुवाद तपासणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. त्यामुळे ती यादी मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी लागते. प्रत्येक चित्रपटाच्या वाट्याला त्यात एखाददुसरी ओळ येते: चित्रपटाचे नाव, निर्माता, दिग्दर्शक आणि परीक्षकांचा अभिप्राय. कोणाच्या तरी कित्येक वर्षांच्या कष्टांना एका वाक्यात बसवलेले असते. ते वाक्य मराठीत उतरवताना मला नेहमी वाटते, की या यादीचे खरे मोल तिच्या ठळक नावांत नाही. जी नावे आपण कधी ऐकलेली नसतात, त्यांत आहे.

अशा अनोळखी नावांमागे बहुधा लहान चित्रपट असतो. लहान म्हणजे लांबीने लहान नव्हे. ज्याच्या पाठीशी बडी चित्रसंस्था नाही, ज्यात गाजलेला नट नाही, ज्याच्या जाहिरातीला पैसा नाही, असा चित्रपट. त्याला अलीकडे स्वतंत्र चित्रपट म्हणतात. अमेरिकेत अशाच चित्रपटांसाठी १९८० च्या दशकापासून ‘स्पिरिट’ नावाचे पुरस्कार दिले जातात. निर्मितीखर्च ठराविक मर्यादेच्या आत असेल, तरच चित्रपटाचा तेथे विचार होतो. हा सोहळा अनेक वर्षे सांता मोनिका येथे समुद्रकिनारी तंबू ठोकून होत असे, आणि २०२१ पासून त्यात दूरचित्रवाणीवरील मालिकांनाही स्थान मिळाले. आरंभीच्या काळात विजेत्यांना जे स्मृतिचिन्ह देत, त्याच्या पारदर्शक पिरॅमिडमध्ये बुटाची नाडी लोंबती ठेवलेली असे. तुटपुंज्या पैशात काम निभावून नेण्याला इंग्रजीत ‘बुटाच्या नाडीवर’ काम करणे म्हणतात, त्याची ती खूण. अनुवाद करणाऱ्याला असे शब्द अडवतात खरे. पण येथे मराठीला काही उसने आणण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘पदरमोड’ हा शब्द पूर्वीपासून आहे, आणि त्याचा अर्थ आपल्या घराघराला ठाऊक आहे.

२०२५ साली याच पुरस्कारांत सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या नामांकनांत पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ हा चित्रपट होता. मुंबईच्या एका इस्पितळातील परिचारिकांची ही कथा उत्तरार्धात रत्नागिरीकडच्या समुद्रकाठच्या गावी जाते. त्या गावच्या पार्वतीची भूमिका छाया कदम या मराठी अभिनेत्रीने केली आहे. पारितोषिक दुसऱ्या चित्रपटाला मिळाले. परंतु कोकणातले एक गाव त्या निमित्ताने दूरदेशीच्या प्रेक्षकांसमोर गेले.

आपल्या देशातील पारितोषिकांचा आरंभच एका मराठी चित्रपटाने झाला आहे. १९५३ सालच्या चित्रपटांसाठी पहिली पारितोषिके १९५४ च्या ऑक्टोबरात दिली गेली, आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या चित्रपटाला मिळाले. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’लाही गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले होते, हे ध्यानी घेतले, म्हणजे त्या सुवर्णपदकाची किंमत कळते. आम्हां जबलपूरकरांना या घटनेविषयी थोडी अधिक आपुलकी वाटते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूर आणि नागपूर ही शहरे एकाच राज्यात होती, आणि राजधानी नागपूर होती. शिवाय श्यामच्या आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई ग्वाल्हेरच्या. कोकणातल्या दरिद्री घरातील ती माउली पडद्यावर उभी केली, ती आजच्या मध्य प्रदेशातील एका मराठी स्त्रीने. मराठी घर महाराष्ट्राच्या सीमेशी संपत नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता द्यावा?

पुढे सर्वोच्च पारितोषिक पुन्हा मराठीकडे येण्यास पन्नास वर्षे जावी लागली. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला २००३ सालच्या चित्रपटांतले सुवर्णकमळ मिळाले. त्यात आजोबांची भूमिका करणारे अरुण नलावडे हे त्याच्या निर्मात्यांपैकीही एक होते. हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करसाठी निवडला गेला, तेव्हा परदेशी जाण्याच्या खर्चासाठी लोकांना हात पुढे करावा लागला आणि मराठी समाजाने तो रिकामा परत पाठवला नाही. त्यानंतर ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनीही हा मान मिळवला. यांतील एकही चित्रपट पैशाच्या बळावर उभा राहिलेला नव्हता.

परंतु सोहळा संपतो, दिवे मालवतात, पदके कपाटात जातात. मग तो चित्रपट कोठे जातो? हा प्रश्न महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना अधिक टोचतो. भेडाघाटचे संगमरवरी कडे मोठमोठ्या हिंदी चित्रपटांत झळकले. पण मराठी चित्रपट जबलपूरच्या चित्रगृहात लागला, अशी बातमी आम्हांला सणासारखी वाटते. पारितोषिकाने चित्रपटाचे नाव आमच्यापर्यंत येते, चित्रपट येत नाही.

यावर एके काळी एक चांगला उपाय होता. १९८० च्या दशकात दूरदर्शनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात रविवारी दुपारी निरनिराळ्या भारतीय भाषांतील चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवीत असत, आणि त्यांत राष्ट्रीय पारितोषिक मिळालेले चित्रपट पुष्कळ असत. माझ्या सासूबाई त्या दुपारींविषयी अजून सांगतात. जेवणे आटोपली, मागची आवराआवर झाली, म्हणजे शेजारच्या दोन-तीन घरची मंडळी आमच्या बैठकीत येऊन बसत. चित्रपट कधी मल्याळी असे, कधी बंगाली, कधी असमिया. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नसे. मग सासरे पडद्याखालची ओळ वाचून ती तेथल्या तेथे मराठीत सांगत, आणि शेजारणींसाठी हिंदीत. “ह्यांनी सांगेपर्यंत पुढचं बोलणं सुरू झालेलं असायचं, पण सारं समजायचं,” असे त्या म्हणतात. आमच्या घरातला पहिला अनुवादक मी नव्हे, हे मला त्या कहाण्यांवरून कळले. पारितोषिकाचे चीज होते ते अशा बैठकीत, असे माझे मत तेव्हापासून बनले आहे.

गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट आपल्याला सांगते. सासूबाईंची दृष्टी काही दिवसांपासून मंदावली होती. तपासणीचा अहवाल आला, तो इंग्रजीत होता. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असून उजव्या डोळ्याचे पुष्कळ नुकसान झाले आहे, असे त्यात लिहिले होते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाने वा शस्त्रक्रियेने उरलेली राखता येते, इतकेच. हे वयोवृद्ध माणसाला कसे सांगावे, किती सांगावे, याचा विचार आम्ही पतिपत्नी करीत होतो. नातेवाइकांचे म्हणणे असे, की थेंब घालायचे आहेत एवढेच सांगा. उगाच जीव घाबरवू नका.

त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही घरी ‘श्वास’ पाहिला. निवड माझ्या मुलीची. ती दहा वर्षांची आहे. मी अनुवादत असलेल्या जुन्या याद्यांविषयीच्या लेखात तिला ते नाव दिसले होते, आणि त्यात लहान मुलगा आहे म्हणून तिला तो पाहायचा होता. कथा आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. कोकणातले एक आजोबा नातवाला शहरात डोळे दाखवायला आणतात. डोळ्यात कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळ्यांची दृष्टी गमवावी लागणार. डॉक्टरांचा आग्रह असा, की हे शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला समजले पाहिजे. आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

माझी मुलगी हिंदी आणि इंग्रजीत शिकते. घरात मराठी बोलते, परंतु आजोबांची कोकणी वळणाची बोली तिला भरभर समजेना, म्हणून ती खालची इंग्रजी उपशीर्षके वाचू लागली. सासूबाई नागपूरकडच्या, त्याही दोन-तीन शब्दांना अडल्या. मध्येच मुलीने विचारले, “आई, ही आपलीच भाषा ना? मग मला खालचं का वाचावं लागतं?” मी तिला इतकेच सांगितले, की आपली भाषा आपल्या घरापेक्षा बरीच मोठी आहे, आजीसुद्धा अजून तिच्यात नवे शब्द ऐकते आहे. मग तिने ओळी मोठ्याने वाचायला आणि आजीला हिंदीमिश्रित मराठीत समजावायला आरंभ केला. सासऱ्यांची जागा त्या दुपारी तिने घेतली.

चित्रपट संपल्यावर सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “त्या डॉक्टरनं पोराला सांगायला लावलं, ते बरं केलं. माझ्या कागदावर काय लिहिलंय, तेही मला वाचून दाखव. डोळे माझे आहेत.”

मी अहवाल आणला आणि ओळीओळीने मराठीत वाचला. सरकारी परिपत्रकात मी शब्द चटकन निवडते. येथे प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तीन प्रश्न विचारले: डावा डोळा राहील का, थेंब किती दिवस घालायचे, आणि वाती वळायला दिसेल का. पहिल्याचे उत्तर डॉक्टरांकडून घ्यायचे ठरले. दुसऱ्याचे उत्तर मला ठाऊक होते: जन्मभर. तिसऱ्याचे उत्तर त्यांनीच दिले, “वाती हातांनी वळतात.” तेव्हापासून थेंबांची वेळ त्या स्वतः सांभाळतात.

कोणी म्हणेल, हे सारे त्या चित्रपटामुळे घडले. त्यात पारितोषिकाचा काय संबंध? संबंध आहे. त्या चित्रपटाला ते सुवर्णकमळ मिळाले नसते, तर दोन दशकांनंतर जबलपुरातल्या एका दहा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीस त्याचे नाव पडले नसते. परीक्षकांचा कौल वेदवाक्य नव्हे. दरवर्षी त्यावर वाद होतात, आणि पारितोषिकाविना राहिलेले उत्तम चित्रपटही आहेतच. परंतु ज्याच्याजवळ जाहिरातीचा पैसा नाही, त्याचे नाव काळाच्या ओघात टिकवून ठेवणारी दुसरी व्यवस्था आपल्यापाशी फारशी नाही. यादी नाव राखते. पुढचे काम घरांनी करायचे असते.

२०२५ च्या सप्टेंबरात दिल्लीला २०२३ सालच्या चित्रपटांची पारितोषिके दिली गेली, त्या यादीत सर्वोत्तम मराठी चित्रपट म्हणून पुन्हा ‘श्यामची आई’ हेच नाव आले. हा सुजय डहाके यांचा नवा चित्रपट. त्याच यादीत मुलांसाठीच्या चित्रपटांत ‘नाळ २’, आणि पदार्पणाच्या दिग्दर्शनासाठी आशिष बेंडे यांचा ‘आत्मपॅम्फ्लेट’ अशीही मराठी नावे आहेत. आता रविवारची ती ठराविक दुपार उरली नाही. चित्रपट घरबसल्या हवा तेव्हा पाहता येतो. मात्र सोय वाढली, तशी एकत्र बसण्याची सवय कमी झाली. ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा पडदा आला.

म्हणून, वाचकहो, पुढच्या वेळी यादी हाती येईल, तेव्हा तिच्यातली दोन नावे टिपून ठेवा: एक आपल्या भाषेतल्या चित्रपटाचे आणि एक कधी न ऐकलेल्या भाषेतल्या चित्रपटाचे. एखाद्या सुट्टीच्या दुपारी घरातल्या सर्वांत वडील आणि सर्वांत लहान माणसाला शेजारी बसवून ते पाहा. ज्याला खालच्या ओळी वाचता येतात, त्याने त्या इतरांसाठी मोठ्याने वाचाव्यात. काही शब्द चुकतील, काही निसटतील. त्याची काळजी करू नये. पुढचे बोलणे सुरू झाले, तरी सारे समजते.