ढोरांची मॅडम

26 मे
घटसर्प-फऱ्याचं लसीकरण पाऊस पडायच्या आत उरकायचं आहे. पहाटेच देवरीकडच्या एका गावात पोचले, कारण ऊन चढलं की ढोरं रानात जातात आणि मग एकही हाती लागत नाही. खोड्याची एक बाजू मोडलेली. मग एकाने शिंगं धरायची, दुसऱ्याने शेपटी, आणि सुई माझी. गाय सहसा थेट मागे लाथ मारत नाही, पाय पुढे घेऊन बाजूला फिरवते. म्हणून हातभर लांब उभं राहणाऱ्यालाच ती नेमकी बसते. अंगाला चिकटून उभं राहिलं की नुसता धक्का लागतो. पारावरून एक आजोबा म्हणाले, "बाईमानसाच्यानं ढोर आवरते का जी?" उत्तर द्यायला सवड नव्हती. दुपारी जेवताना घास धरायला अंगठा वळेना.

14 जून
रोवणीची तयारी सुरू, त्यात कृत्रिम रेतनाचे फोन. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. त्यामुळे रविवार असा उरतच नाही. द्रवनत्र उणे 196 अंशांचं, त्याचा डबा स्कूटीच्या पायाशी ठेवून चिखलातून जायचं. रेतमात्रेची कांडी 37 अंशांच्या पाण्यात तीस सेकंद धरायची, तोवर मालकाला वाटतं मॅडम टाइमपास करतायत. डावा हात कोपराच्याही वर आत, उजव्यात गन. म्हशीने जोर केला की हात नुसता पिळवटून निघतो. हल्ली डाव्या कुशीवर झोपता येत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. सांगायला काय जातं!

9 जुलै
शेजारच्या गुरांच्या दवाखान्यातली मैत्रीण गरोदर आहे, म्हणून तिच्या गावांतलं ब्रुसेलाचं लसीकरण मी घेतलं. ही लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच देतात आणि ती जिवंत जंतूंची असते. सुई आपल्या बोटात गेली किंवा थेंब डोळ्यात उडाला, तर माणसालाही ब्रुसेलाचा ताप लागू शकतो, वरखाली होत आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा. चष्मा घातला की घामाने काही दिसत नाही. तरी घातला. या रोगाने गाय गाभडली की तिची वार उघड्या हाताने ओढणाऱ्या बायाबापड्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

18 ऑगस्ट
पोळा तोंडावर, आणि एका घरची गाय चारा गिळेना. तोंडातून लाळेच्या तारा, आवाज बसलेला. "गऱ्यात काही अडकलं दिसते जी, हात घालून पाहा ना." घरधनी सकाळीच हात घालून बसला होता. महिन्यापूर्वी गायीला कुत्रं चावल्याचं विचारल्यावर आठवलं त्याला. मी हात घातला नाही. गाय वेगळी बांधायला लावली, आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना कळवलं. घरधन्याला साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावून रेबीजच्या लसीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवलं. तो जायला तयार नव्हता. त्याच्या बायकोनेच त्याला गाडीवर बसवलं.

मी स्वतः रेबीजची लस आधीच घेतली आहे. या कामातल्या प्रत्येकाने ती घ्यावी, मदतीला धरलेल्या पोरांनीसुद्धा. आणि लाळ गाळणाऱ्या, घास न गिळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका. आधी आम्हाला फोन करा.